चिलखतातून उठण्याचा नियम

आमच्या खेळात पूर्ण चिलखत घातलेला माणूस उताणा पडला, तर तो आपला आपण उठू शकत नसे. दोघांनी हात द्यायचा, नाहीतर फासा टाकून नशीब बघायचं. हा नियम मी केला होता. तो चुकीचा होता, आणि ज्या शनिवारी मी तो माझ्या बायकोच्या पात्राला लावला त्या शनिवारी तो चुकीचा आहे हे मला पक्कं माहीत होतं. गेल्या वर्षापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात सगळेच घुमे. विचारलं तर बोलायचं अशी शिस्त, आणि हे मला कुणी विचारलंच नाही.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आम्ही नवीन होतो. मी गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत, सीटच्या आतला लोखंडी सांगाडा हे माझं काम. बायको माझ्याच शाखेची इंजिनियर, चाकणला सीटच्याच कारखान्यात होती. वेल्डिंग फिक्स्चर, म्हणजे जोडायचे भाग जागच्या जागी धरून ठेवणारा साचा, ही तिची खासियत. लग्न होऊन माझ्यामागे इथे आली ती डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही. दिवसभर घरात, बाहेर बर्फ, आणि गाडी मी घेऊन गेलेला.

शनिवारी दुपारी आमच्या भाड्याच्या टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये आम्ही पाचजण जमायचो. आम्ही दोघं, माझ्या ऑफिसातला एक नागपूरचा मित्र, आणि एक मुंबईचं जोडपं, दोघंही आयटीतले. खेळ त्या जोडप्याने आणला होता. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. कुणी जादूगार, कुणी चोर. किल्ले, पूल, राक्षस. वार लागला की नाही, मेलं कोण, हे फासे ठरवणार, आणि फासे कसे वाचायचे ते एका जाडजूड पुस्तकात छापलेलं. गोष्ट मी चालवायचो. एरवी न बोलणारा माणूस मी, पण तिथे मला बोलता यायचं. पुस्तक हातात असलं की बोलणं सोपं जातं.

बायकोने सरदारीण घेतली होती. डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. "इथे आल्यापासून स्वेटरवर स्वेटर घालतेय," ती म्हणाली, "निदान खेळात तरी कामाचं काहीतरी घालू दे."

पुस्तकातले नियम वाचून आम्हा दोघांनाही खाज सुटायची. चिलखत घातलं की वार चुकायची शक्यता वाढते, असं पुस्तक म्हणे. ती म्हणाली, "वार चुकेल कसा? वार बसणारच. आत पोचणार कमी." मग आम्ही तो नियम बदलला. तलवारीने लोखंडी पत्रा कापला जातो हेही आम्हाला पटेना. नागपूरवाला वाद घालायला लागला तेव्हा तिने आमरसाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि भाजीची सुरी त्याच्यासमोर ठेवली. "काप." त्याने सुरीचं टोक मोडलं. त्या दिवसापासून आमच्या खेळात चिलखतवाल्याला मारायचं तर हातोडा लागायचा, किंवा सांध्यातल्या फटीत खुपसायला अरुंद पात्याची कट्यार. आठवडाभर संध्याकाळी भांडी घासता घासता आम्ही असले नियम करायचो. मी घासायचो, ती पुसायची. त्या वर्षातले आमचे बरे दिवस तेवढेच.

ऑफिसात कुठलाही बदल करायचा तर आधी टेस्ट दाखवावी लागते. ती पद्धत आम्ही गमतीत टेबलावरही आणली होती. कुणी नवा नियम सुचवला की बाकीचे ओरडायचे, "डेटा आहे का?" ती गंमत होती. नंतर मी त्या गमतीचं काय केलं ते सांगतोच.

त्या हिवाळ्यात ऑफिसात एक ब्रॅकेट आमचा जीव खात होता. सीटच्या पाठीला धरणारा लोखंडाचा तुकडा, टेस्टला लावला की तडकायचा. आम्ही जाडी वाढवत होतो, वजन वाढत होतं, तडा तिथेच. एकदा भांडी घासताना मी तिला फोनवर फोटो दाखवला. दाखवायला नको होता खरं तर.

तिने ओले हात पुसले, फोटो मोठा केला. "जाडी कशाला वाढवताय? वेल्ड कुठे संपतोय बघ. बरोब्बर कोपऱ्यात. सगळा ताण जिथे येतो तिथेच तुम्ही तोंड उघडं ठेवलंय. कोपरा ओलांडून पुढे न्या, सरळ भागात संपवा."

सोमवारी मीटिंगमध्ये मी हेच सांगितलं. तिचं नाव घेतलं नाही. घेणार होतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण बाहेरच्या माणसाला फोटो दाखवला हे कसं सांगायचं, हे कारण तिथे तयारच होतं, आणि ते मला आवडलं. नव्या वेल्डचा ब्रॅकेट टेस्टला टिकला. मॅनेजरने, इथलाच होता तो, सगळ्यांसमोर माझा खांदा थोपटला. घरी मी तिला एवढंच म्हणालो, "ते जमलं बरं का." ती म्हणाली, "जमणारच होतं."

पुढच्या शनिवारी नागपूरवाला खाली बेसमेंटमध्ये उतरला तोच हे बोलत. "वहिनी, यांनी काय पकडलं माहीत आहे का? आम्ही महिनाभर डोकं फोडून राहिलो, आन हा माणूस येते आन म्हणते, वेल्ड कोपऱ्यात संपवू नका. बस. खतम."

ती फासे पिशवीतून काढत होती. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, वाट बघितल्यासारखं. मी पुस्तकाची पानं चाळत राहिलो.

"हो का," ती म्हणाली. "हुशार आहेत."

आणि त्याच दुपारी मी तो नियम काढला. ठरवून काढला नाही. गोष्टीतल्या एका पुलावर एका चोराने तिच्या सरदारणीच्या पायात पाय घातला, ती पडली, आणि छापील नियमाप्रमाणे ती पुढच्या क्षणी उठणार होती. मी म्हणालो, "असं कसं? पन्नास पौंड लोखंड अंगावर आहे. पालथ्या कासवासारखी पडून राहील ती."

आता पन्नास पौंड म्हणजे काय, हे आमच्या टेबलाभोवती प्रत्येकाच्या हाडांना माहीत होतं. इंडियाला जाता-येताना एका चेक-इन बॅगेत तेवढंच चालतं. त्या बॅगा आम्ही सगळ्यांनी जिन्यावरून ओढल्या होत्या, हातवाल्या वजनकाट्याला लटकवून पुन्हा पुन्हा उचलल्या होत्या, काउंटरसमोर उघडून लोणच्याच्या बरण्या बाहेर काढल्या होत्या. मी म्हणालो, "चेक-इन बॅग छातीवर ठेवून उताणं झोपा, आणि उठून दाखवा." झालं. मुंबईवाला म्हणाला, "नो वे यार, माझी पाठ गेल्या ट्रिपलाच गेली." त्याची बायको म्हणाली, "करेक्ट आहे, मी तर मरेन." नागपूरवाल्याने मान डोलावली. बॅगेच्या जोरावर एका मिनिटात सगळे माझ्या बाजूला.

ती एकटी म्हणाली, "बॅग हातात असते. सगळं वजन एका मुठीत येतं. चिलखत अंगावर बेतलेलं असतं, खांद्यावर थोडं, कमरेवर थोडं, मांड्यांवर थोडं. त्याचं आणि बॅगेचं काय?"

तिचं म्हणणं बरोबर आहे हे मला ऐकताक्षणी कळलं. आठवड्यात दुसऱ्यांदा. आणि ज्याच्या लेखी मी ब्रॅकेटमधली चूक पकडणारा हुशार माणूस होतो, तो नागपूरवाला शेजारीच होता.

"डेटा आहे का?" मी म्हणालो.

सगळे हसले. ती पण हसली. "पुढच्या शनिवारी देते," म्हणाली. सरदारीण तशीच पुलावर उताणी ठेवून आम्ही खेळ थांबवला.

त्या आठवड्यात ती दुपारी शिलाई मशीन घेऊन बसायची. मी विचारलं नाही. मीही माझ्या बाजूने शोध घेतला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, डेस्कवर सँडविच खाता खाता, मी एक व्हिडिओ पाहिला. एका म्युझियममधला माणूस, खऱ्या मापाचं पूर्ण लोखंडी चिलखत घातलेला. तो पळतो, जिना चढतो, जमिनीवर उताणा पडतो आणि कुणाचाही हात न धरता उठतो. एका कुशीवर वळला, गुडघा टेकला, उभा. कासव वगैरे काही नाही. मी परत मागे नेऊन ते उठणं पुन्हा पाहिलं. मग व्हिडिओ बंद केला, हात पुसले, कामाला लागलो.

शनिवारी सगळे जमले तेव्हा ती वरून जिना उतरत आली. जुन्या चादरींचा तिने एक झगा शिवला होता. छातीवर, पाठीवर, खांद्यांवर, दंडांवर, मांड्यांवर शिवलेले चौकोनी खिसे, आणि प्रत्येक खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला तांदूळ. कमरेला माझा पट्टा आवळलेला, म्हणजे वजन खांद्यावरून उतरून कमरेवर यावं म्हणून. गुडघे आणि कोपर मोकळे. सगळं मिळून पन्नासच्या वर भरेल असं तिने त्याच लटकत्या वजनकाट्यावर मोजून घेतलं होतं. जिना उतरताना ती कठड्याला हात लावत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं.

नागपूरवाला म्हणाला, "काय करून राहिल्या वहिनी? फोडणी दिली तर बिर्याणी होते ना ही."

"आधी टेस्ट, मग बिर्याणी," ती म्हणाली. ती कार्पेटवर बसली, उताणी आडवी झाली, दोन्ही हात पसरले. "बघा हं." कुशीवर वळली. गुडघा टेकला. उभी राहिली. चेहरा लाल झाला होता, श्वास चढला होता, पण उभी राहिली. मग पुन्हा झोपली आणि पुन्हा उठली, या वेळी जरा भराभर. मुंबईवालीने टाळ्या वाजवल्या. "ओके, मी कन्व्हिन्स झाले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मला फक्त "हो" म्हणायचं होतं. काल मीही पाहिलं, असं म्हणायचं होतं. एवढ्यावर निभावलं असतं, आणि नंतरचं पुष्कळ काही कदाचित वेगळं झालं असतं.

मी म्हणालो, "तांदूळ अंगाबरोबर वळतो. पत्रा वळत नाही."

"सांधे असतात," ती म्हणाली. "म्हणून तर त्याला चिलखत म्हणतात. सांधे नसते तर पिंप म्हटलं असतं."

मुंबईवाला हसला. मी नाही. आणि मग मी म्हणालो, "एवढी मेहनत रेझ्युमेवर केली असतीस तर बरं झालं असतं."

तिला नोकरी करायला कायद्याने बंदी होती. माझ्या व्हिसामुळे होती. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणीच हसलं नाही. नागपूरवाला आपले फासे उगाचच हातात घोळवायला लागला.

ती तशीच, तांदळासकट, खुर्चीवर बसली. "चालू द्या खेळ," म्हणाली. "माझी पाळी आहे ना? उठायचा फासा टाकायचा ना मी?"

तिने टाकला. कमी पडला. शत्रूने हातोडा उगारला, आणि हातोडा चिलखतवाल्याला कसा मारतो याचा नियम आम्ही दोघांनी भांडी घासताना अगदी बरोबर बसवला होता. सरदारीण मेली. मी ते वर्णन करून सांगितलं. बऱ्यापैकी चांगलं सांगितलं.

"नवीन पात्र बनवा वहिनी," नागपूरवाला म्हणाला. "या वेळी जादूगार घ्या. वजनाची भानगडच नाही."

"बघू," ती म्हणाली, आणि वर गेली. थोड्या वेळाने वरून एकेक पिशवी डब्यात रिकामी केल्याचा आवाज येत राहिला. तो तांदूळ आम्ही पुढे कितीतरी दिवस खाल्ला. पुढच्या शनिवारी तिने आम्हाला चहा आणि साबुदाणा वडे दिले आणि लायब्ररीत निघून गेली. मग दर शनिवारी. तिला कुणी परत बोलावलं नाही असं नाही, पण मी बोलावलं नाही. वर्षभराने मुंबईचं जोडपं न्यू जर्सीत पार्सिपनीला राहायला गेलं आणि खेळ बंद पडला. माझा नियम शेवटपर्यंत चालू होता. तो नंतर कुणाला लागलाच नाही. दुसऱ्या कुणाच्या अंगावर चिलखत नव्हतं.

काही वर्षांनी तिचं वर्क परमिट आलं. मी म्हणालो, "ऑफिसात विचारू का?"

"काय म्हणून विचारशील?" ती म्हणाली. "चाकण सोडून किती वर्षं झाली. इथे मी केलेलं एकही काम दाखवता येणार नाही."

एक होतं. आम्ही ज्या टेबलाशी बसलो होतो तिथपासून गॅरेज दहा पावलांवर, आणि गॅरेजमधल्या आमच्या गाडीच्या सीटमध्ये तिने सुधारलेला वेल्ड होता. मी म्हणालो, "बघ तुला काय वाटतं ते." ती चष्म्याच्या दुकानात लागली. लोकांच्या नाकाकानावर फ्रेम नीट बसवायचं काम. दुकानात सगळे तिच्याकडूनच फ्रेम बसवून मागतात, असं तिची एक गिऱ्हाईक मला कधीतरी म्हणाली. तिने स्वतः नाही सांगितलं.

गेल्या वर्षी कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी पॅकेज घेऊन बाहेर पडलो. निरोपाचं जेवण होतं, बायकांनाही बोलावलं होतं. माझा जुना मॅनेजर, आता रिटायर झालेला, मुद्दाम आला आणि उभा राहून त्याने ब्रॅकेटची गोष्ट सांगितली. महिनाभर अडलेलं काम या गप्प माणसाने एका वाक्यात सोडवलं म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. मी तिच्या हातांकडे बघत होतो. नीट, इतरांइतक्याच वेळ वाजवल्या.

परतताना ती ड्राइव्ह करत होती. मी म्हणालो, "तो उठायचा नियम चुकीचा होता. मला आदल्या दिवशी कळलं होतं. मी व्हिडिओ पाहिला होता."

"हं," ती म्हणाली. पुढचा सिग्नल तिने ओलांडला. मग म्हणाली, "आज हे कुठून काढलंस? आज तर गोष्ट दुसरीच निघाली होती."

मी सीटबेल्ट सैल केला.

"खेळातलं सांगायला सोपं असतं रे," ती म्हणाली, आणि इंडिकेटर दिला.

मी त्या आठवड्यात मॅनेजरला फोन केला. सगळं सांगितलं, फोटोसकट. तो ऐकून म्हणाला, वा, म्हणजे तुम्ही दोघं चांगली टीम होतात, आणि मग त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत राहिला. बरं वाटेल असं मला वाटलं होतं. मग मी नागपूरवाल्याला भेटलो. तो आमची कंपनी केव्हाच सोडून दुसरीकडे, सीटचे सांगाडे पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मोठ्या जागेवर गेला होता. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये, कोथिंबीर वाऱ्याने उडू नये म्हणून पिशवी छातीशी धरून, त्याने सगळं ऐकलं. मधे बोलला नाही. हे त्याच्या स्वभावात नाही.

"वहिनीला वर्क परमिट कधी आलं होतं?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"भाऊ," तो म्हणाला, "त्या वर्षी माझ्याकडे जागा होती. वेल्डिंगवालाच माणूस पाहिजे होता मला. सहा महिने शोधून राहिलो होतो, मिळाला नाही, मग पोस्टच कॅन्सल केली वरच्यांनी. तू तेव्हा एक शब्द बोलला असता तर मी दुसऱ्या दिवशी घेतलं असतं त्यांना." त्याने पिशवी गाडीत ठेवली. "त्या तांदळाच्या दिवशीच मला वाटलं होतं का यांना कळते म्हणून. पण तू हसला नाही, तर म्हटलं, घरातलं असेल काही."

हे तिला सांगायचं की नाही, यात माझे काही दिवस गेले. न सांगण्याची कारणं नेहमीसारखी तयार होती, आणि चांगली होती. तिला कशाला त्रास, आता काय उपयोग. पण ती कारणं मला आता ओळखीची झाली आहेत.

शनिवारी सकाळी ती दुकानात जायला निघत होती तेव्हा मी सांगितलं. बुटाची लेस बांधता बांधता ती थांबली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा काहीतरी फेकून मारेल. मी दोन्हीसाठी उभा होतो.

ती म्हणाली, "काय काम होतं नक्की?"

"सीटचे सांगाडे. वेल्डिंग लाइन."

"पुढच्या सीट की मागच्या?"

"मागच्या, म्हणाला तो. घडी होणाऱ्या."

"घडीच्या सीटला बिजागरीपाशी फार जपावं लागतं," ती म्हणाली. "फिक्स्चर त्यांच्याकडे डिझाइन होणार होतं की बाहेरून?"

"ते नाही विचारलं. विचारतो त्याला."

तिने दुसऱ्या बुटाची लेस बांधली, गाठ ओढून बघितली. "नको," म्हणाली. "मी आपलं उगाच विचारलं." आणि किल्ली घेऊन गेली. शनिवारी दुकानात गर्दी असते, तिला उशीर करून चालत नाही.